पुलाच्या अलीकडे

बुधवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी, माझी मोठी बहीण आणि आमची गाडी नदीच्या मधोमध होतो.

असं फोनचं म्हणणं. प्रत्यक्षात आम्ही पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतो, ठणठणीत कोरडे होतो आणि मागचा ट्रक भोंगा वाजवून आमच्या अस्तित्वाची ग्वाही देत होता. पण फोनच्या पडद्यावरचा निळा ठिपका पाण्यात होता, आणि फोनमधून बोलणाऱ्या बाईला पाण्यात रस्ता सापडेना.

"मार्ग पुन्हा शोधत आहे," ती म्हणाली.

"कोण हरवलं?" आक्काने विचारलं.

"कुणी नाही."

"मग ती काय शोधतेय?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझे चार सेकंद गेले. तेवढ्यात डावीकडचं वळण मागे पडलं. ते पडल्यावर बाई म्हणाली, "डावीकडे वळा." समोर उड्डाणपूल होता. एकदा वर चढलं की अकरा किलोमीटर उतरायला जागा नाही. आम्ही चढलो. अकरा किलोमीटर आक्का हात मांडीवर ठेवून बसली होती. बाई मात्र दर मिनिटाला डावीकडे वळायला सांगत होती, आणि डावीकडे कठडा होता.

आता हे एवढं गंभीर का, ते सांगतो.

आक्का रफू करते. फाटलेल्या कापडाच्याच दुमडीतून धागा काढायचा आणि त्याच धाग्याने भोक असं भरायचं की पुन्हा त्या भोकाचा पत्ता लागू नये. "दिसलं तर ते रफू नव्हे, ठिगळ," असं ती म्हणते. चाळीस वर्षं ती एकटी राहते आणि या कामावर राहते. तिचा डावा डोळा काचबिंदूने गेला. उजव्यात नजर उरली आहे, पण कडेकडेने मिटत चाललेली, नळीतून पाहिल्यासारखी. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची. ती राखणारे सर्जन परगावाहून महिन्याच्या पहिल्या बुधवारी येतात, आणि नऊ वाजता जे हजर असतील त्यांचीच यादी करतात.

त्या दिवशी सव्वादहाला मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रुग्णालयात फोन लावला.

"आता पुढचा पहिला बुधवार," तिकडची बाई म्हणाली.

"अहो, पण आम्ही निघालो होतो."

"निघालेल्यांची यादी नसते हो आमच्याकडे."

"पत्ता तरी नीट सांगा."

"पुलाच्या अलीकडे. रस्त्यालगत पांढरी इमारत. पाटी मोठी आहे, दिसेलच."

घराजवळच्या डॉक्टरांनी थेंब वाढवून दिले. म्हणाले, "एक महिना निघेल. दोन निघतील असं मी लिहून देणार नाही."

त्या संध्याकाळी आक्का आमच्याकडे होती. बायको म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी भाड्याची गाडी करा. ज्याचं काम त्यानं करावं. काय वन्सं?"

"माझ्या बहिणीला मी नेणार," मी म्हणालो.

"नेशील रे बाळ," आक्का म्हणाली. मी चोपन्न वर्षांचा आहे. "नेशील. पोहोचवशील का, तेवढं बघ."

मी कार्यालयात आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. पंचवीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एकही लखोटा चुकीच्या दारात पडलेला नाही. एकदा तर नुसतं "मोठे साहेब, जुनी इमारत" एवढाच पत्ता असलेला लखोटा मी निव्वळ अक्षराच्या वळणावरून, म्हणजे त्या काळी अक्षराला वळण असायचं, आणि जुन्या इमारतीत तेव्हा तीन मोठे साहेब होते, त्यांतले एक रजेवर

मार्ग पुन्हा शोधत आहे.

तर, फोन दुरुस्त करायचा होता. चार आठवडे हातात होते.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरून आला. तिथे मोजणीवाले राहतात. सरकारी जमीनमोजणीत आयुष्य काढून निवृत्त झाले. पण अजून जिना उतरताना पायऱ्या मोजतात आणि एखादी कमी भरली तर पुन्हा वर जातात.

"उपग्रह किती दिसतात?" त्यांनी विचारलं.

"मला? एकही नाही."

"तुम्हाला नव्हे हो, फोनला. चार तरी दिसावे लागतात. आणि होकायंत्र? फोनच्या पोटात होकायंत्र असतं. ते बिथरलं की सगळंच बिथरतं."

फोनमध्ये शोधता शोधता होकायंत्र सापडलं, आणि ते खरोखरच बिथरलेलं होतं. खाली सूचना होती. माझा फोन मराठीत आहे. मी तो अभिमानाने मराठीत ठेवला आहे. सूचना अशी:

*उपकरण हवेत ८ च्या आकारात फिरवा.*

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला मी इमारतीखाली गाडीशेजारी उभा राहून हवेत आठ काढू लागलो. वरून सुरुवात, एक रेघ डावीकडे खाली, मग उजवीकडची लांब शेपटी. मोजणीवाले कमरेवर हात ठेवून देखरेख करत.

"शेपटी तोकडी पडतेय तुमची."

"आता?"

"आता कोन बरा आहे. पण सुरुवातीला बाक द्या. आठाला बाक असतो."

पाच दिवसांत माझा आठ असा झाला की कुठल्याही बालवाडीच्या भिंतीवर लावावा. फोन ढिम्म. दुधवाल्याने बायकोला हळूच विचारलं, "साहेबांच्या खांद्याचं काही दुखणं आहे का?" बायको हो म्हणाली. तिला ते उत्तर सोपं वाटलं.

मग मी रीतसर मार्ग धरला. फोनच्या कंपनीचं सेवा केंद्र. तिथला अर्ज मी स्वच्छ अक्षरात भरला, आणि तो इथे जसाच्या तसा देतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक किती हे ज्याचं त्याने ठरवावं.

वस्तू: फोन.
दोषाचं स्वरूप: असतो तिथे दिसत नाही, दिसतो तिथे नसतो.
दोष केव्हा आढळला: बुधवार, सकाळी ८.४०.
दोष कुठे आढळला: नदीत.

खिडकीवरच्या बाईने शेवटची ओळ वाचली आणि वरच्या कोपऱ्यात एका चौकटीत खूण केली. चौकटीवर लिहिलं होतं: पाण्यात पडलेले.

"हमी संपली," ती म्हणाली.

"बाई, फोन पाण्यात पडलेला नाही."

"तुम्हीच लिहिलंय नदीत."

"फोनला वाटलं की तो नदीत आहे."

"फोनला काय वाटतं याला रकाना नाही, काका."

"मग ती खूण खोडा."

"खोडता येत नाही. फोन कोरडा असल्याचं आतल्या माणसानं लिहून द्यावं लागतं."

"मग घ्या लिहून."

"तो उघडून बघितल्याशिवाय लिहीत नाही."

"मग उघडा."

"पाण्यात पडलेला फोन उघडायला वरिष्ठांची सही लागते."

"वरिष्ठ कुठे आहेत?"

"दुसऱ्या केंद्रात. आणि काका, तुमचा फोन आत्ता जागा बरोबर दाखवतोय. हे बघा, ठिपका आमच्या केंद्रावरच आहे."

"तो इथे हरवत नाही! तो तिथे हरवतो!"

"मग तिथल्या केंद्रात न्या," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. मी स्वतः पंचवीस वर्षं लोकांना दुसऱ्या खिडकीकडे पाठवत आलो आहे. पण इतक्या मायेने कधी पाठवलं नव्हतं. मी मान खाली घालून निघालो.

दोन आठवडे गेले होते. आक्काला रोज फोन करत होतो. "थेंब घातलेस?" "घातले." "दिसतं ना?" "जेवढं दिसायचं तेवढं दिसतं." ती बेताचं बोलते. धागा वाया घालवायची तिला सवय नाही.

तेव्हा मी टॅबलेट काढला. नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यालयाने दिलेला, कपाटात डब्यासकट ठेवलेला. पडदा मोठा, म्हणजे रस्ता मोठा दिसणार, असा माझा हिशेब. घरातच लावून पाहिला. ठिपका आमच्या घरावर नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गेल्या वर्षी आम्ही सोडलेल्या भाड्याच्या घरात होता. बाहेर अंगणात नेला, ठिपका तिथेच. छतावर नेला. तिथेच.

बायको पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. "स्वयंपाकघराला खिडकी किती मोठी होती नाही तिथे?" एवढंच म्हणाली.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान कपाटाएवढं. तो आत बसला की गिऱ्हाईकाचं फक्त डोकं आत मावतं. मी डोकं आत घालून सगळी कैफियत सांगितली. तो मान खाली घालून कुणाचा तरी फोन सोलत होता. माझी कैफियत संपल्यावर म्हणाला, "टॅबलेट विसरा. त्याला उपग्रहाचं यंत्रच नाही. तो शेजारच्या इंटरनेटच्या डब्यांवरून अंदाज बांधतो. तुमचा डबा जुन्या घरातून आणलाय ना?"

"हो."

"मग त्याच्या मते तुम्ही हललाच नाहीत. आता फोन. गाडीत कशावर बसवता?"

"चुंबकाचा धारक आहे. घट्ट बसतो."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "होकायंत्राच्या पाठीला चुंबक लावलंत?"

मी डोकं दुकानातून थोडं बाहेर काढलं.

"काढा. बॅटरी वाचवायचं चालू आहे, ते बंद करा. आणि हे काय? स्थान 'अंदाजे' ठेवलंय. 'अचूक' का नाही?"

ते बायकोने केलं होतं. तिचं म्हणणं, आपण नक्की कुठे आहोत हे कुणाला कशाला सांगायचं? अंदाजे सांगावं.

"आता आठ काढा," तो म्हणाला.

मी दुकानाबाहेर दोन पावलं मागे सरकलो, खांदा मोकळा केला आणि माझा पाच दिवसांच्या तालमीचा आठ काढला. बाकासकट. शेपटीसकट.

तो बराच वेळ बघत होता.

"काका," तो म्हणाला, "इंग्रजी आठ."

फोनवर मराठी आठ छापला होता. मी मराठी आठ काढला. यात मी कुठे चुकलो ते मला आजही कुणी दाखवून द्यावं. पण आपला आठ खाली उघडा असतो आणि इंग्रजी आठाला दोन बंद पोटं असतात, आणि होकायंत्राला म्हणे पोटं लागतात. मी दोन पोटांचा आठ तीनदा काढला. फोन थरथरला. पडद्यावर आलं: होकायंत्र जुळले.

मोजणीवाल्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हवेत दोन्ही आठ काढून पाहिले. मग म्हणाले, "तरी आपला कोन बरोबर होता."

यापुढची सगळी नोंद माझ्या वहीत आहे. कार्यालयीन सवय.

*रविवार. पुलापर्यंत फेरी. ठिपका नदीत नाही, शेजारच्या शाळेत. चाळीस मीटर.*

*मंगळवार. मोजणीवाले सोबत. त्यांनी पुढच्या काचेवर नख मारून पाहिलं. उन्हासाठी लावलेल्या फिल्ममध्ये धातूचा थर असल्याचा संशय. उपग्रहांना आमची गाडी दिसत नसावी.*

*बुधवार. फिल्म काढली. अर्धी निघाली. बायकोचं केस वाळवायचं यंत्र लावून आणखी पाव निघाली. यंत्र गेलं.*

*गुरुवार. काचेला काहीतरी त्वचारोग झाल्यासारखं दिसतं. कार्यालयातल्या शिपायाने 'अपघात का?' असं विचारलं. हो म्हणालो.*

*शनिवार. ठिपका रस्त्यावर. बारा मीटर.*

*सोमवार. ठिपका रस्त्याच्या आमच्याच बाजूला. वळण वेळेवर. पांढरी इमारत, नेत्र रुग्णालयाची मोठी पाटी. फाटकासमोर गाडी उभी केली तेव्हा फरक: तीन मीटर.*

तीन मीटर! मोजणीवाल्यांनी पोलादी फीत काढून फाटकापासून गाडीच्या नाकापर्यंत स्वतः मोजलं. दोन मीटर नव्वद. आम्ही हस्तांदोलन केलं. आत जाऊन काही विचारावं असं दोघांनाही सुचलं नाही. चाचणी फाटकापर्यंतच होती.

बुधवार उजाडला. आठ वीसला आम्ही फाटकावर. आक्काने निळी साडी नेसली होती आणि मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरली होती.

"आलो," मी म्हणालो.

पहारेकरी वाकून आत बघू लागला. "चष्म्याचा नंबर काढायचाय?"

"ऑपरेशन आहे. सर्जन यायचेत."

"मग इथे नाही. ऑपरेशनची इमारत पुलापलीकडे. ही तपासणीची."

"फोनवर सांगितलं होतं, पुलाच्या अलीकडे."

"सांगणारी कुठे बसते?"

"ऑपरेशनच्या..."

"मग ती तिच्याकडून अलीकडे म्हणणार ना साहेब? तिला आपण पलीकडे."

मी तिथे उभा राहिलो. तीन मीटरच्या आत अचूक, आणि नदीच्या चुकीच्या काठावर. एक महिन्यापूर्वीच्या बुधवारी नदी ओलांडणाऱ्या उड्डाणपुलावरून आम्ही ऑपरेशनच्या इमारतीच्या डोक्यावरूनच गेलो होतो. अकरा किलोमीटर मी ठिपक्याला दोष देत होतो.

जुन्या पुलावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. वळसा घालून यायला पाऊण तास. मी फोनकडे हात नेला.

"पूल केवढा आहे?" आक्काने विचारलं.

"सहाशे मीटर असेल."

"चल मग," ती म्हणाली आणि गाडीतून उतरली.

तिने माझं कोपर धरलं. पुलाच्या कडेच्या अरुंद पायवाटेने आम्ही निघालो. तिची चाल रफूसारखीच, एकही टाका न सोडणारी. मी घड्याळ बघत होतो. आठ बत्तीस. खाली नदी होती. मी तिकडे पाहिलं नाही.

"मागच्या वेळी घरी गेले ना," आक्का म्हणाली, "तेव्हा मी आधी सुई ओवून बघितली."

"मग?"

"ओवली गेली. सातव्यांदा."

"आणि आता?"

"काल रात्रीपर्यंत बसले होते. नाही ओवली."

महिनाभर मी तिला रोज विचारत होतो, दिसतं ना? आणि ती रोज सांगत होती, जेवढं दिसायचं तेवढं. माझी वही माझ्या खिशात होती. तिच्यात चाळीस मीटर होते, बारा मीटर होते, तीन मीटर होते. सुईचं नेढं कुठेच नव्हतं.

"पुढे खड्डा आहे," मी म्हणालो.

"दिसतोय," ती म्हणाली.

आठ अठ्ठावन्नला आम्ही दुसऱ्या पांढऱ्या इमारतीत होतो. टेबलामागच्या बाईने नाव लिहिलं. तिचा आवाज मी लगेच ओळखला.

"सापडलं ना? म्हटलं होतं मी, अलीकडेच आहे."

मी फक्त कागद पुढे केले. माझ्यासाठी हे अवघड असतं.

आत परिचारिकेने आक्काला खुर्चीवर बसवलं. एका हातात कागद, दुसऱ्या हातात जांभळं पेन. ज्या डोळ्याचं काम करायचं त्याच्यावर कपाळाला बाण काढतात, म्हणजे घोटाळा नको. मी समोर उभा होतो.

"कोणता डोळा?" तिने आक्काला विचारलं.

आक्काने तोंड उघडायच्या आत मी बोट दाखवून म्हणालो, "हा. डावा."

पेन थांबलं. परिचारिकेने कागद पाहिला. "इथे उजवा आहे."

"उजवाच," आक्का शांतपणे म्हणाली. "तो त्याच्याकडून सांगतोय. जन्मापासून तो त्याच्याकडूनच सांगतो. तुम्ही काढा बाण."

परिचारिकेने आक्काच्या उजव्या भुवईवर बाण काढला. मी अजून बोट दाखवतच उभा होतो. "काका, बाहेर बसा," ती म्हणाली, आणि मी मुकाट्याने बसलो.

पन्नास मिनिटं. समोरच्या भिंतीवर एक मोठा डोळा उभा चिरून दाखवला होता. मी तो वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सर्जन स्वतः बाहेर आले. अगदी तरुण होते. "दाब उतरलाय," ते म्हणाले. "आहे तेवढं राहील, असं मला वाटतं. सुई लगेच ओवायला देऊ नका, तीन आठवडे. त्यानंतर भिंग लावून बघा. आणखी महिना गेला असता तर मी हे म्हणालो नसतो."

आक्काला बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी आणि वर प्लास्टिकची वाटी. डावा उघडा, पण तो गेलेलाच. म्हणजे आता तिला काहीच दिसत नव्हतं. मधल्या दालनात ती हात किंचित पुढे करून उभी राहिली.

"बाळ?"

"आहे गं. इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे?"

मी तिच्या समोर उभा होतो. 'समोर' म्हणणार होतो. गिळलं. पुढे गेलो, वळलो आणि तिच्या शेजारी, ती जिकडे तोंड करून उभी होती तिकडेच तोंड करून उभा राहिलो. तिचा हात माझ्या कोपराखाली घेतला.

"उजव्या बाजूला आहे," मी म्हणालो. "तुझ्या."

"हं. आता रस्ता सांग."

"सरळ आठ-दहा पावलं. मग डावीकडे. मग जिना."

"किती पायऱ्या?"

मला माहीत नव्हतं. येताना मी घड्याळ बघत होतो. 'पंधरा असतील' हे शब्द जिभेवर आले होते. पंचवीस वर्षांच्या सवयीने आले होते. मी तिला भिंतीला टेकवून उभं केलं, जिन्यापर्यंत गेलो, मोजत खाली उतरलो, मोजत वर आलो. लोक बघत होते. बघू देत.

"अठरा," मी म्हणालो.

"खाली जाताना की वर येताना?"

"दोन्ही वेळा अठरा."

जिन्याच्या तोंडाशी आल्यावर आक्काने पदर खोचला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पाय पुढे टाकला.

"एक," ती म्हणाली.